हातानाकांच्या विहिरीचं पाणी

सकाळपासून कितव्यांदा तरी फुसाएनं विहिरीचं पाणी पळीनं तोंडात घेतलं, जिभेवर घोळवलं आणि नालीत थुंकून टाकलं.

“लोखंड,” ती म्हणाली. “अहो, खिळा चोखल्यासारखं लागतंय. तुम्ही बघा बरं.”

तिच्या नवऱ्यानं, त्सुनेओनं, पळीभर पाणी गटकन पिऊन टाकलं आणि हनुवटी पुसत म्हणाला, “पाण्यासारखं लागतंय.”

“तुम्हाला काय, मिसोच्या सारात पाल पडली तरी सारासारखंच लागेल!”

त्सुनेओ हसला आणि दुकानात निघून गेला. जाड गवती चटया शिवण्याचं त्यांचं पिढीजात दुकान, पण हल्ली शिवायला चटया नसत, म्हणून तो सुया तेवढ्या पुसत बसे. फुसाए मात्र विहिरीपासून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून चहाच्या खोलीत, तिथून परत विहिरीवर, अशी पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत राहिली. बागेतले दगड धुऊन झाले होते, ते तिनं पुन्हा धुतले. जुलैचा उकाडा असा की धुतलेला दगड पाठ फिरवेपर्यंत वाळत होता.

कारण तसंच होतं. परवा सासूबाईंच्या स्मरणाचा चहाचा सोहळा होता. त्यांना जाऊन बारा वर्षं, एक तप झालं. उद्या भटजी येऊन पोथी म्हणणार आणि परवा मागच्या छोट्या खोलीत चहा. मुख्य पाहुण्या म्हणून येणार होत्या सुमिएताई, त्सुनेओच्या थोरल्या बहीण. ताई याच घरात जन्मल्या, लग्न होऊन कोबेला गेल्या, आता ऐंशीच्या पुढे होत्या आणि लेकीकडे, मिचिकोकडे, राहत होत्या. वसंतात त्यांचं पोट कापलं होतं, तेव्हापासून तब्येत काही धड नव्हती. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला होता.

“फुसाए, डॉक्टर गोड बोलायला लागलाय, म्हणजे माझं काही खरं नाही. मला घरच्या विहिरीचं पाणी एकदा प्यायचंय, बस्स. बाकी तुझं जे काय सोवळंओवळं असेल ते कर.”

फुसाए हो म्हणाली होती. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? आणि त्या दिवसापासून जिवाची जी घालमेल सुरू झाली ती आजवर थांबली नव्हती.

तसं पाहिलं तर ही घालमेल जुनीच. फुसाए ओसाकाची. बापाचं स्टेशनामागे शेवयांचं दुकान, घरात सतत वाफ, आरडाओरडा आणि हशा. असल्या घरातली मुलगी क्योतोतल्या जुन्या गल्लीत सून म्हणून आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी तिला मागचं दार उघडून विहीर दाखवली आणि लगेच दार लावून घेतलं. “ही आपल्या हातानाका घराण्याची विहीर. हिचं पाणी फक्त चहाला. ओसाकाच्या पाण्यावर वाढलेल्या जिभेला तिची चव कळायची नाही, पण कळेल, कळेल. घाई नाही.” आमच्याकडे कोणी कुणाला तोंडावर वाईट बोलत नाही. हसून म्हणतात ‘घाई नाही’, आणि ऐकणाऱ्याचा जन्म जातो.

सासूबाई सुनेला पाण्यात पाहायच्या असं गल्ली म्हणायची. ते पूर्ण खरं नाही. त्यांनी तिला चहा शिकवला, हाताला धरून शिकवला. रुमालाची घडी, ओगराळं धरायची बोटं, बसलेल्या पायांना मुंग्या आल्या तरी चेहरा हलू द्यायचा नाही, सगळं शिकवलं. फक्त विहिरीला हात लावू दिला नाही. दर उन्हाळ्यात त्यांचा एक मोठा चहा असे. त्या दिवशी पहाटे त्या स्वतः मागच्या अंगणात जात आणि दाराला आतून कडी घालत. दिवस उजाडायच्या आधीचं पहिलं पाणी सगळ्यांत निर्मळ, आणि ते घरच्या मालकिणीनंच काढायचं. फुसाए अंथरुणात पडून विहिरीच्या चाकाची करकर ऐकत असे. त्या दिवशी मग देवदाराची कोरी चौकोनी बादली निघायची आणि तिच्याभोवती भाताच्या पेंढ्याची पीळदार दोरी बांधली जायची, तिला कापलेल्या पांढऱ्या कागदाचे पट्टे लोंबत.

ती दोरी म्हणजे पैज. एरवी चहाचं पाणी मातीच्या भांड्यात असतं, ते कुठलं हे कोणी विचारत नाही. पण दोरी बांधली म्हणजे यजमानानं सांगितलं की हे नावाचं पाणी आहे. मग मुख्य पाहुण्यानं चहाच्या आधी म्हणायचं, “एक घोट नुसतं पाणी मिळेल का?” आणि ते द्यावं लागतं. त्यात ना चहाची हिरवी पूड, ना बरोबर काही गोड. लपायला जागाच नाही.

फुसाए ते पाणी पहिल्यांदा प्यायली तेव्हा तिला रडू आलं होतं. हसू नका, खरंच आलं. इतकं मऊ, इतकं थंड की गळ्याखाली उतरल्यावर कळावं. ओसाकाच्या जिभेलासुद्धा कळलं की! तेव्हाच तिनं ठरवलं होतं, एक दिवस ही विहीर माझी होईल.

झाली, पण सासूबाई गेल्यावर. पहिल्या उन्हाळ्यात तिनं पहाटे उठून, आंघोळ करून, हात जोडून पाणी काढलं आणि चाखलं, तर लोखंड! तिला वाटलं बादली गंजली असेल. नवी आणली. पुढच्या वर्षी माणसं लावून विहीर उपसली. मग देवळातून भटजी बोलावून मीठ आणि तांदळाची दारू, साके, वाहिली. मग किटली बदलली. मग पडल्यापडल्या मनात यायला लागलं, की विहिरीचं काही बिघडलं नाही, हात बिघडलाय. विहिरीनं मला पत्करलंच नाही. दर वर्षी ती दोरी बांधत होती, दर वर्षी पाहुणे “वा” म्हणत होते, आणि त्या ‘वा’च्या मागे काय आहे ते शोधत तिची पुढची अख्खी थंडी जायची. कोपऱ्यावर नव्या हॉटेलाचा पाया खणला गेला तेव्हा तिला बरंच वाटलं. निदान आता दोष द्यायला खड्डा तरी मिळाला.

आदल्या दिवशी भटजींची पोथी आटोपली आणि शेजारच्या इमानिशीबाई, ज्या उद्याच्या दुसऱ्या पाहुण्या, त्या भाजलेल्या भाताच्या खारट चकत्यांचा डबा घेऊन आल्या.

“काय गं ही धावपळ! तुझी पायरी नुसती चकाकतेय. आम्हाला पाय ठेवायला लाज वाटते.”

“कसलं काय, इमानिशीबाई. धूळच धूळ आहे.”

“उद्या विहिरीचंच ना पाणी? वाटलंच. तुमचं पाणी हल्ली कसं भारदस्त लागतं. मी आमच्या ह्यांना म्हणते, एक घोट घ्या, आठवडाभर अशक्तपणा नाही.” आणि तोंडावर पंखा धरून हसल्या. “सुमिएताई काय म्हणतात बघू हं. त्या तर बारा गावचं पाणी प्यायलेल्या.”

बाई गेल्या आणि फुसाए स्वयंपाकघराच्या पायरीवर मटकन बसली. भारदस्त! म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. दोरी न बांधावी, तर मरायला टेकलेल्या नणंदेला सांगायचं की तुमच्या आईची विहीर माझ्या हातात मेली. बांधावी, तर पहिल्या घोटालाच ते त्यांच्या जिभेला कळणार. ती उठली, बसली, पुन्हा उठली. जेवताना चॉपस्टिक हातातून दोनदा सुटली. शेवटी भाताच्या वाटीकडे बघतच ती म्हणाली, “अहो, पहाटे गाडी काढाल का? कुठेतरी चांगलं पाणी असेल तिथे नेता का?”

ती वाट बघत होती, की आता हा विचारेल कुठे, कशाला, आपली विहीर असताना? त्सुनेओनं मुळ्याचं लोणचं तोंडात टाकलं.

“नेतो,” तो म्हणाला.

पहाटे ती खाली आली तर त्सुनेओ गाडीपाशी उभा होता. मागे चटयांच्या जागी दोन जुन्या काळपट सुरया पोत्यात गुंडाळून नीट टेकवल्या होत्या, तोंडांना धुतलेलं फडकं बांधलेलं.

“या कुठून काढल्या?”

“होत्या माळ्यावर.”

नदी ओलांडून तो उत्तरेला लागला. टेकडीच्या पायथ्याशी एक देऊळ आहे, तिथल्या झऱ्यावर बाटल्या घेऊन माणसं रांग लावतात. फुसाएनं नाव ऐकलं होतं, कधी गेली नव्हती. स्वतःची विहीर असलेल्या घरची बाई दुसऱ्याच्या झऱ्यावर जाते का कधी! त्सुनेओ मोठ्या कमानीपाशी थांबला नाही. बांबूच्या कुंपणाकडून एक गल्ली आत जाते, तिथून त्यानं गाडी मागच्या फाटकाला नेली. कठडा मोडका होता, तिथे त्यानं हात धरून तिला उतरवलं. तीन नळ्यांतून पाणी पडत होतं. “डावीकडचं घे,” तो म्हणाला, “ते जास्त गार असतं.”

फुसाएनं घेतलं. दुसरी कोणी असती तर तिला प्रश्न पडला असता, पण तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, की कोणी ओळखीचं बघेल. तिनं डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत ओढला होता. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात ते असं. सुरई भरताना तिनं एक ओंजळ तोंडात घेतली आणि तिथेच उभी राहिली. मऊ, थंड. सून म्हणून आली त्या पहिल्या उन्हाळ्यातलं पाणी. तिला ते इतकं आवडलं की स्वतःचाच राग आला.

घरी येऊन तिनं पहिली वाटी देव्हाऱ्यात, सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवली. फोटोत सासूबाई हसत होत्या. ‘घाई नाही.’ मग तिनं देवदाराची बादली भरली आणि दोरी बांधायला घेतली. गाठ बसेना. बोटांना घाम, पेंढा टोचतोय, कागदाचे पट्टे उलटे पडतायत. “बांधते आहे,” ती पुटपुटली, “खोटी बांधते आहे, माफ करा.” मग जीव एकवटून गाठ मारली.

दुपारी पाहुणे आले. सुमिएताई टॅक्सीतून उतरल्या तेव्हा फुसाए आधार द्यायला पुढे धावली. बाई अर्ध्या राहिल्या होत्या, किमोनो नुसता खुंटीवर टांगल्यासारखा. पण आवाज तोच.

“अगं, कशी दिसतेस! आजारी मी आहे की तू?”

खोलीत उकडत होतं, किटलीचं पाणी बारीक गुणगुणत होतं. ताई पुढे, इमानिशीबाई त्यांच्या शेजारी. फुसाए आत आली, बसली, बादली जागेवर सरकवली. ताईंची नजर दोरीवर गेली आणि तिथेच राहिली, बरीच राहिली. फुसाएला वाटलं, आपल्या छातीतलं धडधडणं आता इमानिशीबाईंना पंख्याआडून ऐकू येणार.

“एक घोट नुसतं पाणी मिळेल का?” ताई रीतीप्रमाणे म्हणाल्या.

फुसाएनं ओगराळ्यानं वाडग्यात पाणी घातलं. एक थेंब चटईवर सांडला. ताईंनी वाडगा कपाळापर्यंत उचलला, फिरवला, प्यायल्या. डोळे मिटले.

“हातानाकांच्या घरचं पाणी,” ताई डोळे मिटूनच म्हणाल्या. “आई पाहुण्यांना द्यायची, तेच. जराही फरक नाही.”

मग इमानिशीबाई प्यायल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना काही खोचक सुचलं नाही. “खरंच की,” एवढंच म्हणाल्या.

फुसाएनं चहा केला. घट्ट, हिरवा, चांगला झाला. पण तिला सुटल्यासारखं वाटलं नाही. ताईंना फसवलं. मरताना फसवलं. आणि आपली विहीर मागे तशीच गंजत पडली आहे.

इमानिशीबाई वाकून वाकून निरोप घेऊन गेल्या. फुसाए भांडी धुवायला स्वयंपाकघरात आली तर ताई भिंत धरत धरत मागोमाग आल्या आणि स्टुलावर बसल्या.

“देवळाच्या मागच्या फाटकाचा कठडा नीट केला का गं त्यांनी?”

फुसाएनं ओगराळं हातात धरूनच मान वळवली.

“तिथे माझा गुडघा फुटला होता,” ताई म्हणाल्या, “आईनं हातगाडी घेऊन पाठवलं होतं. हे बघ, अजून खूण आहे.”

“ताई... तुम्हाला कळलं?”

“न कळायला काय झालं? आम्हीच पोरांनी वाहून आणलंय ते. आधी मी, मग त्सुनेओ सायकलवर, मग गाडी आली, चटया पोचवायच्या नावाखाली. आईच्या दोरीच्या बादलीत आपल्या विहिरीचा थेंब कधी पडला नाही. अगं, आपली विहीर लोखंडाची! आजोबांच्या वेळी बरी होती म्हणे, देव जाणे. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“पण चाक वाजायचं. मी स्वतः ऐकायची, पहाटे...”

“तेच ना! चाक तुला ऐकवायला वाजायचं. आई ते पाणी शेवाळ्यावर ओतायची.”

फुसाएनं ओगराळं खाली ठेवलं, पदर खोचावा तशा बाह्या वर केल्या आणि अशी हाक मारली की ओसाकाचं अख्खं स्टेशन त्यात वाजलं.

“अहो! इकडे या!”

त्सुनेओ दारात आला. बायकोकडे, मग बहिणीकडे बघितलं आणि त्याला समजलं.

“बारा वर्षं,” फुसाए म्हणाली. “बारा वर्षं मी त्या विहिरीची माफी मागतेय! माणसं लावून उपसली तेव्हा तरी तोंड उघडायचं! भटजीला मीठ टाकायला लावलं, तेव्हा तुम्ही शेजारी हात जोडून उभे होतात! मला वाटायचं मीच... माझ्याच हाताला...” ती रडत होती आणि रागानं पाय आपटत होती, दोन्ही एकदम.

“आईनं शपथ घातली होती.”

“आई गेली की!”

त्सुनेओनं चौकटीवरून बोट फिरवलं. इतकं सलग तो वर्षभरात बोलला नसेल. “आई गेल्यावर पहिल्यांदा तू दोरी बांधलीस ना, त्या दिवशी तुझं तोंड बघितलं होतं मी. तुला वाटत होतं विहीर तुझी झाली. मग कसं सांगायचं, की त्या विहिरीत काही नव्हतंच म्हणून. पुढच्या वर्षी सांगू, पुढच्या वर्षी सांगू म्हणता म्हणता...” तो थांबला. “आणि मला खरंच फरक कळत नाही गं.”

“बकासुर,” ताई थोरल्या बहिणीच्या आवाजात म्हणाल्या, “लहानपणी औषधसुद्धा चाटून प्यायचा.” मग त्यांनी फुसाएचं मनगट धरलं. हाताला काही वजनच नव्हतं. “भांडण नंतर कर, तुला पुष्कळ वर्षं आहेत. मला आधी पाणी दे.”

“दिलं ना, ताई.”

“ते देवळाचं. मी फोनवर काय म्हटलं होतं? घरच्या विहिरीचं. आई पाहुण्यांना ते देत नव्हती, पण आम्हा पोरांना तेच होतं. शाळेतून पळत यायचं आणि बादलीला तोंड लावायचं. दातांना लोखंड लागायचं. कोबेला नळाचं प्यायले, डोंगरातलं प्यायले, दवाखान्यात बाटलीतलं प्यायले. तसलं वाईट पाणी मला पुन्हा कुठे मिळालं नाही.”

फुसाएनं मागचं दार उघडलं. ताईंना काठावरच्या दगडावर बसवलं, दोरखंड सोडला. चाक करकरलं. बादली वर आली तेव्हा ताईंनी पळीची वाट बघितली नाही. दोन्ही हातांनी बादली धरली, कडेला तोंड लावलं आणि किमोनोच्या गळ्यावर सांडत प्यायल्या.

“ईऽऽ!” त्यांनी तोंड वेडंवाकडं केलं. “तेच! काय घाणेरडं आहे!” आणि डोळ्यांतून पाणी घळघळ वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. बादली त्यांनी फुसाएकडे सरकवली. “पी. थुंकत होतीस ना इतकी वर्षं?”

फुसाएनं घोट घेतला. खिळा चोखल्यासारखंच लागलं. सवयीनं ती नालीकडे वळली, मग थांबली आणि गिळलं. वाईटच होतं, पण गार होतं. तिनं आणखी एक घोट घेतला.

“तुमच्याबरोबर बाटलीत भरून देऊ का?” तिनं विचारलं.

“दे. दोन दे. मिचिको ओरडेल, आई, हे काय गंजकं आणलंस म्हणून. ओरडू दे. रोज एक घोट घेईन, पुरेल मला.”

त्सुनेओ दुकानातून प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन आला. फुसाएनं त्या काठोकाठ भरल्या, झाकणं घट्ट लावली आणि फडक्यानं पुसल्या. मग ती चहाच्या खोलीत गेली, देवदाराच्या बादलीची दोरी सोडून घेऊन आली आणि तिचे दोन तुकडे करून दोन्ही बाटल्यांना बांधले. या वेळी गाठ पहिल्याच फटक्यात बसली. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत ताईंच्या मांडीवर ते पांढरे कागद हलताना दिसत होते.